कंसातला मजकूर

भज्यांचा पुडा उलगडला आणि त्यात माझंच वाक्य निघालं. 'मी जावं असं तुम्हाला वाटतं.' कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या गाडीपाशी मी उभा होतो, संध्याकाळचे साडेपाच वाजलेले, मागून सायकली घंट्या वाजवत चाललेल्या, आणि हातात कांदाभजी. सायक्लोस्टाइलची निळी अक्षरं तेलानं पुसली जायला हवी होती, ती उलट जास्तच उठून दिसत होती. डाव्या बाजूला 'रुग्ण', उजव्या बाजूला 'मी'. वर कोपऱ्यात 'गोपनीय' असं टाइप केलेलं आणि त्या शब्दावर एक तळलेली मिरची. वर्ष संपत आलं की ऑफिसातली रद्दी निघते, ती कुणीतरी विकतो, कुणीतरी घेतो, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. मला आश्चर्य वाटलंही नाही. भीती वाटली. चोरी उघडकीला आल्यावर वाटते तशी. मी भजी गटारात टाकली, कागद रुमालानं टिपला आणि घडी घालून खिशात ठेवला. भजीवाला म्हणाला, "काय झालं सायेब, खवट लागली का?" मी म्हणालो, "नाही, छान होती." एकही भजं तोंडात न घालता मी हे बोलून गेलो. बरं वाटावं असं बोलायची सवय लागली की ती अशी कुठंही बाहेर पडते.

आमचं कॉलेज चर्चचे पाळक तयार करतं. पहिली पदवी घेऊन मी वरच्या वर्गात बसलो होतो. सकाळी धर्मांचा तौलनिक अभ्यास, म्हणजे हिंदूंचा मोक्ष, बौद्धांचं निर्वाण, मुसलमानांचा कयामतचा दिवस आणि डोंगरातल्या लोकांच्या समजुती, असं सगळं ओळीनं. आणि दर गुरुवारी दुपारी सरकारी हॉस्पिटलात जाऊन रोग्यांचं सांत्वन, मग तो कुठल्याही धर्माचा असो. हे शास्त्र नवीन होतं आणि डॉक्टरसाहेबांनी ते बोटीतून सोबत आणलं होतं. डॉक्टरसाहेब म्हणजे आमचे प्राध्यापक. औषधांशी त्यांचा संबंध नाही, डॉक्टरकी धर्मशास्त्रातली. गोरे, उंच, पुस्तकातून मराठी शिकलेले, त्यामुळे माझ्यापेक्षा शुद्ध बोलणारे. ते सांगत, रोग्याच्या खाटेशी धर्म विकायला जाऊ नका. उपदेश करू नका. वचन तर मुळीच देऊ नका, कारण वचन देऊन आपण आपलीच सुटका करून घेतो. रोग्याच्या मनात जे आहे ते फक्त त्याच्यापुढं धरा. तो म्हणाला, मला भीती वाटते, की तुम्ही म्हणा, तुम्हाला भीती वाटते. मग बाहेर येऊन, व्हरांड्यातल्या बाकावर बसून, झालेलं बोलणं आठवून शब्द न् शब्द कागदावर उतरवायचं. खाटेशी वही काढायला बंदी. कागदाच्या मधोमध रेघ, डावीकडं तो, उजवीकडं आपण. शुक्रवारी त्या कागदाच्या प्रती निघत, वर्गात वाटल्या जात आणि सगळे मिळून तो माणूस फाडून बघत. रोग्याचं नाव लिहायचं नाही एवढी माणुसकी आम्ही पाळत होतो.

माझी स्मरणशक्ती वर्गात नावाजलेली होती. लहानपणी शुभवर्तमानाचे अध्याय पाठ म्हणून दाखवले की वडील शेजाऱ्यांना बोलवायचे. त्यामुळं बाकीचे पानभर लिहीत तिथं माझी तीन पानं होत. एक खोड मात्र होती, आणि ती मला तेव्हा खोड वाटत नव्हती. मी रोग्याचं बोलणं धुऊन लिहायचो. आमच्या घरात 'न्हाई' म्हटलं की वडील मुस्काटात देत. ते मिशनच्या शाळेत मास्तर. आजोबांनी धर्म बदलला, वडिलांनी भाषा बदलली, मला बदलायला काही उरलं नव्हतं म्हणून मी कपडे बदलत राहिलो. डाव्या रकान्यातला माणूस 'हाय' म्हणाला तर माझ्या हातून आपोआप 'आहे' उतरायचं. 'राग न्हाई आता' असं म्हणाला तर 'मी क्षमा केली आहे'. डॉक्टरसाहेबांना 'क्षमा' हा शब्द डाव्या रकान्यात सापडला की त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरायचं ते पाहण्यासाठी मी आणखीही बरंच काही बदललं असतं.

खिशातल्या कागदावरचा रुग्ण म्हणजे कोंडिबा. गेल्या भाद्रपदातला. मुळशीकडचा, कासार आंबोलीच्या वर डोंगरात पाचपंचवीस घरांची वाडी आहे तिथला, साठीचा, काटकुळा. फांद्या तोडताना झाडावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं आणि जखम नासली होती. त्याला आणणारे लोक मजुरी बुडते म्हणून दोन दिवसांनी माघारी गेले होते. तीन गुरुवार मी त्याच्या खाटेशी बसलो. पहिल्या दोन वेळेला तो फक्त माझ्या चपलांकडं बघत राहिला. तिसऱ्या वेळेला, मी उठायच्या बेतात असताना, त्यानं सगळं सांगितलं. एकुलती एक पोरगी, कमळ. ती उरवड्याच्या देवूबरोबर निघून गेली. देवू दुसऱ्या जातीचा. वाडीनं सांगितलं म्हणून, आणि स्वतःच्या रागानंही, कोंडिबानं ओढ्यावर जाऊन जिवंत पोरीच्या नावानं आंघोळ केली. त्या दिवसापासून ती मेली. उरवडं तिथून दोन तासांवर, आठवड्याच्या बाजाराला आई एका बाजूनं आणि लेक दुसऱ्या बाजूनं जायची, एकमेकींकडं न बघता. "मला न्हाई राग आता," कोंडिबा म्हणाला, "माज्या भिमीला जाऊन सांगा, पोरीला घरात घ्या म्हनावं. म्या आंघोळ केली, म्याच बोलवाया पायजे. मला काय हितनं उठता यायचं न्हाई. सायेब, जाल का तितं?"

मी म्हणालो, "मी जावं असं तुम्हाला वाटतं."

"व्हय. जाल न्हवं?"

मी म्हणालो, "मुलीची फार काळजी वाटते आहे तुम्हाला."

त्यानं माझा हात धरला. हाताला ताप होता. "जाशील का रं, लेकरा?"

मी म्हणालो, "तुम्हाला इथं खूप एकटं वाटतंय." तीनदा विचारलं त्यानं. शुभवर्तमानातल्या शिष्यानं गुरूला तीनदा नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता, वॉर्डात कोंबडा नव्हता, एवढाच काय तो फरक. मग तो माझ्याकडं बघत राहिला, आणि त्यानं बहुतेक माझ्या बोलण्याचा होकारच धरला असावा, कारण एवढा शिकलेला माणूस समोर बसून होकार देत नाही आणि नकारही देत नाही हे त्याच्या डोक्यात शिरण्यासारखं नव्हतं. तो पुढं काहीतरी बोलू लागला. हळूहळू, थांबत थांबत, बराच वेळ. मी ऐकत नव्हतो. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते डोक्यातून सांडू नये म्हणून मी मनातल्या मनात पहिल्यापासून उजळणी करत होतो. कागदावर त्या जागी मी लिहिलं, '(यानंतर रुग्ण काही वेळ असंबद्ध बोलतो. भेट समाप्त.)'

त्या कागदावर शुक्रवारी दीड तास चर्चा झाली. डॉक्टरसाहेब म्हणाले, बघा, तीन वेळा मोह झाला आणि तीन वेळा यानं वचन दिलं नाही. पुढच्या गुरुवारी खाटेवर दुसरा माणूस होता. सिस्टर म्हणाली, सोमवारीच गेला, कार्ड टाकलंय, कुणी आलं नाही, सरकारी खर्चानं उरकलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो आणि सवयीनं कागद काढला, आणि लिहायला काही नव्हतं म्हणून परत ठेवला. जायला हवं होतं. पण खाटेशी झालेलं बोलणं बाहेर न्यायचं नाही असा नियम होता. मग परीक्षा होती. मग 'मावळातील डोंगरी वस्त्यांतील मृत्युविषयक समजुती' हा प्रबंध होता, जो मी ग्रंथालयात बसून लिहिला, पंख्याखाली, आणि ज्यात जिवंत माणसाच्या नावानं आंघोळ करण्यावर तळटिपांसकट दोन पानं आहेत. मग अमेरिकेची शिष्यवृत्ती मिळाली. शिफारसपत्राला डॉक्टरसाहेबांनी तोच कागद जोडला होता, इंग्रजी करून. तीन आठवड्यांनी माझी बोट होती. कोंडिबाला मी विसरलो असतो तर निदान प्रामाणिकपणे म्हणता आलं असतं की विसरलो. रोज रात्री प्रार्थनेत मी त्याचं नाव घेत होतो. आभाळातल्या देवाला सांगत होतो, पंधरा मैलांवरच्या त्याच्या बायकोला, भिमाबाईला सांगायचं सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं निघालो. बावधन गेलं, चढ गेला, पिरंगुट गेलं. चैत्र असल्यामुळं डोंगर उघडे पडले होते आणि करवंदीच्या जाळ्यांवर धूळ बसली होती. आंबोलीला उतरलो तेव्हा उन्हाचा कडाका सुरू झाला होता. पायवाटेनं चढताना मी वाक्यं जुळवत होतो, आणि ती सगळी उजव्या रकान्यातली होती. वाडीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड होता. पहिल्याच घरापुढं एक बाई सुपानं हिरडा उन्हात पसरत होती. मी भिमाबाईचं घर विचारलं. ती म्हणाली, "हेच. का?" तिच्या कपाळावर गोंदण होतं, कुंकू नव्हतं. मी सांगितलं, मी पुण्याहून आलो, हॉस्पिटलात कोंडिबाच्या शेवटच्या दिवसांत त्याच्याजवळ होतो, त्यानं निरोप दिलाय. सूप तिच्या हातातच राहिलं. तिनं निरोप काय हे विचारलं नाही. विचारलं, "पानी मागत हुता का?" मी म्हणालो, दिलं होतं पाणी. हे खरं होतं, सिस्टरनं दिलं होतं. मग ती आत गेली, तांब्या घेऊन आली, मला घोंगडी टाकली आणि शेजारच्या बुधाला हाक मारली.

बुधा वाडीतला जाणता म्हातारा, एका डोळ्यानं अधू. त्यानं माझा निरोप ऐकून घेतला. कमळीला घरात घ्या, राग नाही. ऐकता ऐकता भिमाबाईनं पदर तोंडात धरला. मला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं तर सात महिने मी कशाला भीत होतो, असंही वाटून गेलं आणि थोडा आनंद झाला, स्वतःबद्दलचा. बुधा म्हणाला, "ब्येस झालं. ज्यानं आंघोळ केली त्यानंच उठवावं लागतंय. त्यो गेला, पर त्याचा सबूद आला. आता पोरगी येऊ द्या. तिच्या म्होरं खूण सांगा, भिमीला पटली का पोरगी उंबऱ्याच्या आत."

"खूण?" मी म्हणालो.

"खूण असंल की दिल्याली. तुमी परके. बिगर खुणंचा निरोप कोन धाडंल?"

मी म्हणालो, "आहे." आणि एक तरणा गडी उरवड्याच्या वाटेला लागला.

त्यानंतरचे चार तास मी त्या घोंगडीवर बसून काढले. भिमाबाईनं मला नाचणीची भाकरी, लाल चटणी आणि वाडीत कुणाकडून तरी मागून आणलेलं ताक वाढलं, निरोप्याला वाढतात तसं, मी नको म्हणत असताना. मी जेवत होतो आणि आठवत होतो. खिशातला कागद चोरून काढून बघितला. तिथं कंस होता. खूण काय असते हे मला कुणी सांगायला नको होतं, हाच त्यातला खरा मार होता. नगरच्या बोर्डिंगात मी दहा वर्षांचा असताना एक फेटेवाला माणूस आला आणि म्हणाला, तुझ्या बापाचं काही खरं नाही, चल. आईनं मला पढवून ठेवलं होतं, कुणीही न्यायला आलं तर खूण विचार. मी विचारली. तो म्हणाला, तुझ्या आईनं सांगितलंय, तू निजताना उशीखाली चिंचोके ठेवतोस. मी त्या अनोळखी माणसाचा हात धरून अंधारात सात कोस गेलो. त्याचं नावही मला कधी कळलं नाही. चिंचोके मला आणि आईला सोडून कुणाला ठाऊक नव्हते आणि ते शब्द त्या माणसानं आईच्या घरापासून माझ्यापर्यंत हातातल्या दिव्यासारखे जपून आणले होते. न शिकलेला माणूस. त्याला कुणी वर्गात बसवलं नव्हतं. माझ्या प्रबंधात आंघोळीवर दोन पानं आहेत आणि खुणेवर एक ओळ नाही, कारण ज्या पुस्तकांतून मी तो लिहिला ती लिहिणाऱ्यांना कुणी कधी निरोप्या म्हणून कुठं धाडलं नव्हतं.

मी डोळे मिटून वॉर्ड उभा केला. फिनेलचा वास आला. त्याचा गरम हात आला, नखांतली काळी रेघ आली, पलीकडच्या खाटेवरचा खोकला आला. कोंडिबाचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू येत नव्हतं. माझ्या स्वतःच्या आवाजानं सगळं भरून गेलं होतं. मी किती छान उत्तरं दिली, हे मी त्या वेळी स्वतःला परत परत ऐकवत होतो, ते जसंच्या तसं आठवत होतं. पुष्कळ ताणल्यावर दोन तुकडे हाताला लागले. काहीतरी हरवलं होतं. आणि तीन दिवस. 'तीन दिस' असं तो म्हणाला होता, बोटं वर करून, हे नक्की. काय हरवलं, कुणाचं, तीन दिवस काय, यातलं काही पुढं सरकेना. ऊन अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेलं. भिमाबाई हिरडा उलथापालथा करत होती आणि मधूनमधून माझ्याकडं बघत होती. ती बघायची ते माझ्याकडं नव्हे. माझ्या आत कोंडिबानं तिच्यासाठी ठेवलेलं काहीतरी आहे, ते कधी बाहेर येतं याची ती वाट बघत होती. मला कळलं की हा निरोप पोरीचा होता, पण खूण एकट्या हिची होती. नवऱ्यानं मरताना हिला धाडलेलं तेवढंच. ते माझ्याकडं नव्हतं हे सांगून टाकायला तेव्हाही वेळ होता. मी उठून म्हणालो असतो, बाई, मी ऐकलं नाही, मी तेव्हा माझंच ऐकत होतो. त्यांनी मला हाकललं असतं, कदाचित मारलं असतं, आणि कदाचित, कुणी सांगावं, कधीतरी आठवेल म्हणून वाटही बघितली असती. पण मी ताक पीत बसलो.

कमळ आली ती धावत आल्यासारखी आली आणि शेंदराच्या दगडापाशी थांबली. काखेला पोर. पोराच्या अंगात नवं झबलं होतं, घाईत घातलेलं, पाठीवर उलटं. वाडीतली दहाबारा माणसं जमली. आई अंगणात आणि लेक दगडापलीकडं, मधे वीस पावलं. बुधा मला म्हणाला, "हां. सांगा."

मी उभा राहिलो. माझा आवाज सराईत आहे, प्रवचनाचा आहे. मी निरोप परत सांगितला आणि मग म्हणालो, "खूण म्हणून त्यानं सांगितलं, की एकदा हरवलं होतं…" भिमाबाईचा चेहरा एकदम उघडला. इतका उघडा चेहरा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी म्हणालो, "तीन दिवस." ती मान हलवू लागली, तिच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं, दगडापलीकडं कमळीनं पाय उचलला. आता फक्त एक शब्द हवा होता. डोंगरातल्या गरिबाचं काय हरवतं, तीन दिवस लोक काय शोधतात? "शेळी हरवली होती," मी म्हणालो, "तीन दिवस तुम्ही दोघं ती शोधत रानोमाळ हिंडलात."

 भिमाबाईनं लेकीकडं बघितलं, अधांतरी राहिलेल्या पायाकडं बघितलं. तिला नुसती मान हलवायची होती. ती हलवेल असं मला वाटलं, हलव असं मी मनातल्या मनात ओरडलो, प्रार्थना म्हणतात तीच असेल तर माझ्या आयुष्यातली तेवढी एकच खरी. तिनं डोळे पुसले.

"आमच्यात शेळी कवाच न्हवती," ती म्हणाली.

बुधा म्हणाला, "भिमे, इचार करून सांग. पोरगी हुबी हाय."

"त्यानं धाडल्यालं असंल ते दे म्हनावं मला. ह्याच्या पदरचं नको." असं म्हणून ती खाली बसली आणि हिरडा सुपात भरू लागली, ऊन अजून होतं तरी.

बुधा मला वाडीच्या तोंडापर्यंत पोचवायला आला. तो रागावला नाही, त्यानं रागवायला हवं होतं. मी म्हणालो, मला खरी आठवली तर येईन. तो म्हणाला, "आता नगा येऊ. येकडाव खोटी खूण दिल्याल्या तोंडातनं खरी आली तरी खोटीच. कुनी मानायचं न्हाई." दगडापलीकडं कमळ पोराचं झबलं सरळ करत होती. तिच्याशी मला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि माझ्या तोंडातून जे यायचं तेच आलं, दोन वर्षं शिकवलेलं, आपोआप. मी म्हणालो, "तुम्हाला फार वाईट वाटतंय."

ती म्हणाली, "मेलेल्याला कुटं काय वाटतं," आणि पोराला काखेला मारून उतरणीला लागली.

परतीच्या बसमध्ये माझ्याशेजारी एक म्हातारी येऊन बसली. तीही आंबोलीलाच चढली होती. मी खिडकीशी डोकं टेकलं होतं. बोट, मुंबई, गरम कपडे शिवायला टाकलेत ते, असं सगळं आठवायचा मी प्रयत्न करत होतो, आणि खरं सांगायचं तर मला थोडं सुटल्यासारखंही वाटत होतं, कारण आता काही करण्यासारखं राहिलंच नव्हतं. पिरंगुट मागं पडलं. तिकिटं फाडत कंडक्टर आमच्यापाशी आला आणि म्हातारीला म्हणाला, "आजे, कोयता खाली ठेव पायाशी, कुनाला तरी लागंल." फडक्यात गुंडाळलेला कोयता तिनं मांडीवरून उचलून खाली ठेवला.

आणि कोंडिबा बोलू लागला. सगळं एकदम आलं, त्याच्या आवाजात, त्याच्या थांबण्यासकट, मी न धुतलेलं. "खूण म्हनून सांग. कोयता हरावला म्हनून म्या भिमीला मारलं. तीन दिस ती बोलली न्हाई. चवथ्या दिशी चुलीम्होरनं निस्ती म्हनली, मीठ जरा बघा. तितनं म्होरं कदी कोयत्याचं नाव न्हाई काढलं तिनं. तिला म्हनावं, कोयता तू न्हाई हरावला. म्याच इकला हुता." शुक्रवारी दीड तास आम्ही त्या कागदात कबुलीजबाब शोधत होतो. डॉक्टरसाहेब म्हणाले होते, याच्या मनात आणखी काहीतरी आहे, पण ते त्यानं उघड केलं नाही.

मी हे मोठ्यानं बोललो असणार, कारण म्हातारी माझ्याकडं वळली. "काय म्हनलासा?" मी विचारलं, आजी, तुम्ही कुठल्या? ती म्हणाली, कासार आंबोलीची, लेकीकडं बावधनला चालले, परवा माघारी. मी विचारलं, वरच्या वाडीतली भिमाबाई माहीत आहे का? "हिरड्यावाली भिमी? न्हाई कशी."  खूण दुसऱ्या कुणाच्या तोंडून गेली तर? बुधा म्हणाला होता ते माझ्या तोंडाबद्दल. मी तिला निरोप सांगितला, आणि खूण सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न बदलता. ती कानावरचा पदर मागं सारून ऐकत होती. मग तिनं ओठांतल्या ओठांत ते सगळं म्हणून पाहिलं. कोयता, मार, तीन दिस, चवथा दिस, मीठ, कोयता म्याच इकला. काही गळलं नाही, काही वाढलं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

"सवता ऐकलंसा त्याच्या तोंडनं?" तिनं विचारलं.

"हो."

"कवा?"

"भाद्रपदात."

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. भादवा, अश्विन, कार्तिक, मंगसर, पूस, माघ, फागुन. चैताच्या पेरावर अंगठा थांबला. तिनं तो हात पदराखाली घेतला आणि समोर बघत बसली.

मी म्हणालो, "सांगाल ना तिला?"

 बावधनची घरं दिसू लागली होती. कंडक्टरनं घंटी ओढली.

"आजी, परवा जाल ना? सांगाल ना?"

बस थांबली. म्हातारीनं वाकून कोयता उचलला, काखेत मारला, उठताना आधाराला माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तसाच थोडा वेळ राहू दिला. मी तिचा हात धरला. "जाशील ना गं, आजी?"

"लई लागलंय रं तुज्या जिवाला," ती म्हणाली, हात सोडवून घेतला, आणि उतरली.